बळदातला उजेड

बंडप्पाचे घर तीन खणांचे होते आणि त्यातल्या तिसऱ्या खणात कोणी राहत नव्हते.

लोहाऱ्याच्या त्या बाजूला घर मोजायचे ते खणांनी. छताच्या दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. दहा खणांचा माणूस मोठा, पाच खणांचा मधला, आणि तीन खणांच्या माणसाला कोणी खिजगणतीत धरत नसे. बंडप्पाला मात्र धरत, ते त्याच्या बळदामुळे. मातीच्या माळवदाखालचा तिसरा खण भुईपासून छतापर्यंत चारी अंगांनी भिंती घालून बंद केलेला होता. त्यात धान्य ओतायचे ते माळवदावरच्या तोंडातून, आणि काढायचे ते खालच्या हातभर झडपेतून. ती झडप गेली नऊ वर्षे मातीने लिंपलेली होती. बंडप्पाचे बळद गच्च आहे, असे गाव म्हणे; बंडप्पा नाही म्हणत नसे.

बळद रिकामे होते. ज्या वर्षी ज्वारीवर चिकट्याचा रोग पडला, त्या वर्षी त्याने आणि त्याच्या बायकोने, प्रेमाबाईने, तळाचा दाणासुद्धा झाडून काढला होता. पुढच्या साली प्रेमाबाई गेली. मुलगा शांतलिंग तेव्हा मामाच्या घरी राहून लोहाऱ्याच्या शाळेत उर्दूची अक्षरे गिरवीत होता. त्याला बापाने काही कळू दिले नाही. सुगी झाली की पाच ओंजळी ज्वारी बळदात सोडायची रीत होती. ती बंडप्पा एकटाच माळवदावर चढून पाळी.

मग निजाम सरकारची धान्याची लेव्ही आली आणि ती वसूल करणारा गिरदावर बळद पाहायला दारात उभा राहिला. बंडप्पाने त्याला वर नेले, दगडी झाकण सरकवले आणि आत डोकावू दिले. गिरदावर एक दाणाही न मागता खाली उतरला आणि निघून गेला. गावाने त्याचा भलताच अर्थ लावला. "बंडप्पानं गिरदावराला खिशात घातला की," असे शेजारचा दगडोबा चावडीवर सांगत सुटला, आणि बळदाचा लौकिक दुप्पट झाला. त्या लौकिकावरच गंगम्मा या घरात सून होऊन आली. तिचे वडील सिद्रामप्पा नळदुर्गचे गवंडी. सोयरीक ठरली त्या दिवशी त्यांनी बळदाच्या भिंतीवर तळहात ठेवून म्हटले होते, "घर ल्हान असू द्या पाव्हणं. पोट भरलेलं हाय त्याचं." ते वाक्य बंडप्पाच्या काळजात जे रुतले ते रुतलेच.

राहायला उरले दोन खण. त्यात चूल, देव, जाते, गाडग्यांची उतरंड, पोती, नांगराचे सामान, बंडप्पाची बाज आणि तीन माणसे. सासऱ्यासमोरून सुनेने जायचे म्हणजे अंग चोरून जायचे. नवराबायकोने दोन शब्द बोलायचे तर गोठ्यात जाऊन बोलायचे. शांतलिंगाने दिवाळीलाच सांगून टाकले होते, "गुढीपाडवा झाला की आमी सोलापूरला जातो, अप्पा. गिरणीत काम हाय. खोली मिळती. ल्हान असली तरी आमची आमची."

"आन् म्या?" हा प्रश्न बंडप्पाच्या ओठांवर आला होता. पण ज्याच्या घरात एक अख्खा खण भिंतीआड बंद आहे, त्याने तो कोणत्या तोंडाने विचारावा?

संक्रांतीनंतर एके दिवशी सकाळी गंगम्माने पदर खोचला आणि घरातली प्रत्येक वस्तू अंगणात आणून मांडली. दगडोबा कुंपणावरून वाकून म्हणाला, "काय गं पोरी, सासऱ्याला बाहेर काढतीस का काय?"

"सासऱ्याला न्हाय, काका. अडगळीला. तुमी कुंपणापल्याडच थांबा, न्हायतर चुकून तुमालाबी उचलीन."

दगडोबा पोट धरून हसला. बंडप्पा मात्र बाजेवर अंगणातच बसून राहिला आणि पाहत राहिला.

तिने झरोक्याला वर्षानुवर्षे चिकटलेले काजळ खरवडून काढले. भिंतींना खदानीतली पांढरी माती तीन हात दिली आणि भुईलगत वीतभर काळा पट्टा ओढला. त्या पट्ट्याने भिंत उंच दिसू लागली. जाते तिने दाराआडच्या कोपऱ्यात नेले, उतरंड चुलीमागच्या अंधारात सरकवली, अंथरुणे तुळईला टांगलेल्या दांडीवर चढवली. जाड भिंत आतून कोरून तिने तीन कोनाडे केले, आणि ज्या ज्या वस्तूने भुई अडवली होती ती ती वस्तू भिंतीच्या पोटात गेली. उंबऱ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत भुई मोकळी सोडली आणि शेणाने सारवून आरशासारखी केली.

"हे कुठं शिकलीस?" बंडप्पाने विचारले.

"बापाच्या मागं चुना कालवीत हिंडले की, मामा. ते म्हणायचं, माणूस घरात पायानं मागनं शिरतो, डोळ्यानं आधी. डोळ्याच्या वाटंत काय आडवं आलं न्हाय, की घर मोठं."

चौथ्या दिवशी संध्याकाळी बंडप्पा आत आला तेव्हा उंबऱ्यातच थबकला. झरोक्यातून उतरलेला उजेड सारवलेल्या भुईवर पडून भिंतीवर चढला होता, आणि भिंत तो पुन्हा घरभर वाटत होती. खण दोनच होते. तेच खांब, त्याच तुळया. तरी त्याला वाटले की कोणीतरी घराचा श्वास मोकळा केला आहे. इतकी वर्षे या दारातून तो वाकून येत होता, आणि आत आल्यावरही वाकलेलाच राहत होता. त्या दिवशी त्याची पाठ आपोआप सरळ झाली. हातपाय धुवायचे विसरून तो बराच वेळ तसाच उभा राहिला.

एकच भिंत तिने रंगवली नव्हती. बळदाची.

"ही कशी ऱ्हायली?"

"ती राहू द्या, मामा," गंगम्मा म्हणाली आणि चुलीकडे वळली.

शांतलिंग शेतातून आला. त्याने चहूकडे पाहिले; त्याच्याही चेहऱ्यावर क्षणभर काही उजळले. मग तो खाली बसत म्हणाला, "लई ग्वाड केलंस. पर कितीबी सारीव, दोन खण ते दोनच खण. पाडव्यानंतरच्या सोमवारची गाडी सांगितली हाय म्या."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. रात्री तीन अंथरुणे पडली की ती मोकळी भुई नाहीशी होई.

पाडवा झाला. रविवारी दुपारी शांतलिंग बैलांना पाणी दाखवायला ओढ्यावर गेला. दाराशी एक वळकटी आणि पत्र्याची पेटी बांधून ठेवलेली होती. बंडप्पा त्या दोन वस्तूंकडे पाहत राहिला. सुनेने आवरलेल्या त्या घरात त्या दोनच वस्तू डोळ्यांच्या वाटेत आडव्या आल्या होत्या. उद्या याच वेळी घर आणखी मोकळे झालेले असेल, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्या मोकळेपणाची त्याला भीती वाटली.

तो उठला. गोठ्यातून पहार आणली आणि बळदाच्या भिंतीपुढे उभा राहिला. गंगम्मा भाकरी थापीत होती; तिचा हात थांबला.

"गंगम्मा," तो भिंतीकडेच तोंड करून म्हणाला, "ह्यात काय न्हाय."

"व्हय, मामा."

"व्हय काय? रिकामं हाय म्हणतोय म्या. तुझ्या बापाला फशिवलं."

"ठावं हाय मला."

बंडप्पा वळला. "कवापासनं?"

"पहिल्या सुगीपासनं. तुमी वरनं पाच ओंजळी सोडल्या, तवा म्या हितंच दळत हुते. दाण्यावर दाणा पडला तर आवाज येत न्हाय. हे दाणं लई खोल पडलं आन् भुईवर उड्या मारीत ऱ्हायलं." ती किंचित हसली. "पावसासारखं वाटलं."

"आन् गप ऱ्हायलीस? नवऱ्यालाबी बोलली न्हाईस?"

"न्हाय."

"बापाला?"

"न्हाय." तिने पिठाचे हात पुसले. "म्या बोलले असते तर भांडण झालं असतं, मामा. तुमी उघडलं तर खोली हुईल. म्हणून ती भिंत तशीच ठेवली."

दीड वर्ष ही पोर बंडप्पाच्या खोटेपणाच्या भिंतीला टेकून जेवली होती, दळली होती, आणि तिने एकदाही त्या भिंतीवर बोट वाजवले नव्हते. त्याने पहार उचलली, आणि पुन्हा खाली टेकवली. "माळवद खाली यील का गं?"

"भार खांबावर हाय. ही भिंत नुसती पडद्याची. वरनं सुरू करा, खालनं नगं. थांबा, आधी वरचं झाकण काढून या. धूळ जाया वाट पायजे."

तो माळवदावर गेला, झाकण सरकवून परत आला, आणि बाजेवर उभा राहून त्याने पहिला घाव घातला. कच्च्या विटा नऊ वर्षे कशाचाच भार न सोसता उभ्या होत्या. त्या निमूटपणे सुटत गेल्या. गंगम्मा पाटीने माती बाहेर टाकत होती. माणसाएवढे भगदाड पडले तेव्हा दोघेही थांबले, धूळ खाली बसू दिली.

आत उजेडाचा एक खांब उभा होता.

माळवदाच्या तोंडातून तो सरळ खाली उतरला होता, इतका घट्ट की हात लावला तर लागेल असे वाटावे. बळदाची भुई घराच्या भुईपेक्षा दोन हात खोल होती, त्यामुळे छत कितीतरी उंच दिसत होते. मातीचे कण त्या उजेडात सावकाश वर चढत होते. नऊ वर्षांतल्या सगळ्या सुगींची ज्वारी तळाशी विखुरलेली होती, मूठमूठ, किड्यांनी पोखरलेली. बंडप्पा दोन पावले आत उतरला. देवळाच्या गाभाऱ्यात जसा आवाज आपोआप खाली येतो तसा त्याचा श्वास खाली आला. एवढी मोठी जागा त्याच्या घरात होती, आणि तो तिच्या भिंतीला पाठ लावून वर्षानुवर्षे पाय पोटाशी घेऊन निजत आला होता. त्याने ती जागा इतरांपासून लपवली होती. त्याहून जास्त स्वतःपासून. त्याचे डोळे भरून आले आणि धुळीमुळे ते कोणाला कळले नाही.

आवाज ऐकून दगडोबा आला. त्याच्यामागून शांतलिंग ओढ्यावरून परतला, बैल अंगणातच सोडून आत धावला. दोघे भगदाडापाशी येऊन उभे राहिले.

बंडप्पाने वाट पाहिली. आता दगडोबा हसेल आणि सांज व्हायच्या आत चावडी हसेल. "रिकामंच हुतं," तो स्वतःच म्हणाला. "गिरदावर आला तवाबी रिकामंच. ह्या पोरीच्या बापानं हात लावला तवाबी."

दगडोबाने ते ऐकले की नाही कोण जाणे. त्याने मान वर केली होती. डोक्यावरचा रुमाल घसरून खांद्यावर आला तरी त्याला सुध नव्हती. "बंडप्पा," तो हळूच म्हणाला, "हे एवढं उंच हुतं व्हय रं आपलं माळवद? माझ्याबी घरात हाय की बळद." आणि तो आपल्या घराकडे चालता झाला, हसायचे विसरून.

शांतलिंग आत उतरला. त्याने बापाकडे पाहिले नाही, बायकोकडे पाहिले नाही. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तो पावले मोजत गेला. मग तिथल्या धुळीतच उताणा निजला आणि दोन्ही हात पसरले. हात कशालाच लागले नाहीत. त्याने पायही ताणले. तेही कशाला लागले नाहीत.

"मामा," गंगम्मा म्हणाली, "वर जाऊन झाकण अर्धं लोटता का? दुपारचं ऊन किती घ्यायचं ते बघून ठिवू. पावसाळ्यात तिथं लाकडाची झडप बशिवता यील."

बंडप्पा पुन्हा माळवदावर चढला. तोंडापाशी गुडघे टेकून त्याने दगडाला हात घातला आणि खाली पाहिले. आपले घर त्याने वरून कधी पाहिलेच नव्हते. पाहिला होता तो फक्त अंधार. आता तळाशी त्याचा मुलगा हात पसरून पडला होता, शेजारी सून मातीने भरलेले हात कमरेवर ठेवून भिंती न्याहाळत होती, आणि दोघांभोवती जागाच जागा होती. दगड हातात तसाच राहिला.

"अप्पा," खालून शांतलिंगाचा आवाज आला. तो डोळे मिटूनच बोलत होता. "सोमवारची गाडी नगं म्हणून सांगतो. हितं पायऱ्या दोन पायजेत का तीन?"

बंडप्पा दगडावरून हात काढून तोंडावर वाकला.

"तीन करा," तो म्हणाला. "माझं गुडघं दुखत्यात."