झोंबीतली काठी

“सोड रे त्याला. दिसत नाही का, लंगडा आहे तो!”

मागून कुणीतरी ओरडलं, तसा थॅचरने काठीवरचा हात काढला. प्रार्थनामंदिराच्या पायऱ्यांवरचा त्याचा दुसऱ्या वर्षाचा घोळका बाजूला झाला आणि एसा विटकम काठी टेकत आत गेला. त्याचे कान लाल झाले होते. काठी म्हणजे थोरल्यांचा रुबाब, पहिल्या वर्षाच्या पोरांनी ती बाळगायची नाही, हा कॉलेजचा रिवाज. हवीच असेल तर एका काठीवरून मैदानावर होणाऱ्या झोंबीत दुसऱ्या वर्षाला हरवून तो हक्क मिळवायचा. तोवर कुणी काठी घेऊन दिसला की हिसकावून मोडायची. त्या सकाळी अशा चार मोडल्या होत्या, एकाचं नाकही फुटलं होतं. एसाच्या वाट्याला फक्त दया आली. लहानपणी कापणीयंत्रात सापडलेला त्याचा पाय त्याला इतका कधी दुखला नव्हता.

खोलीत शिरताच त्याने काठी कोपऱ्यात फेकली. त्याच्या खोलीत राहणारा लेम टारबॉक्स शेगडीवर सफरचंद भाजत होता.

“काय रे, तोंड का उतरलंय?”

“मला सोडलं त्यांनी.”

“मग नाच की लेका! माझी काठी मोडून माझ्याच पाठीत घातली.”

“पाठीत घातली म्हणजे तुला माणसांत धरलं. मला कोण धरतंय!”

लेमने शेगडीवरचं सफरचंद उलटलं. “झोंबीला एक काठी लागतेच,” तो म्हणाला. “तुझीच नेऊ. जिंकलो की ताठ मानेने टेकत फिर. कुणाची मेहेरबानी नको.”

“आणि मोडली तर? बाबांनी स्वतः तासलीय रे ती.”

“मधोमध मी धरतो. माझ्या हातात मोडते कशी बघू!”

एसा हो म्हणाला. ते म्हणताना झालेला आनंद पुढे त्याला जन्मभर छळत राहिला.

शनिवारी शिट्टी वाजली आणि दोन्ही वर्गांची पोरं त्या एका काठीवर तुटून पडली. एसा कुंपणाला धरून घसा फुटेस्तोवर ओरडत होता, “सोडू नकोस लेम! सोडू नकोस!” लेम ढिगाच्या तळाशी होता. दुसरी शिट्टी झाली. वरची पोरं एकेक करून बाजूला काढली आणि काठीवरचे हात मोजले. पहिल्या वर्षाचे जास्त भरले, म्हणजे ते जिंकले. टोप्या उडाल्या, आरडाओरडा झाला. लेमची बोटं मात्र काठीवरून सोडवावी लागली, तेव्हा कुठे कुणीतरी डॉक्टरांकडे धावलं.

रविवारी दुपारी लेम गेला. छातीची हाडं आत गेली होती, डॉक्टरांचं काही चाललं नाही. काठी धडधाकट होती.

त्याला न्यायला त्याचे वडील आले. शेतातले जाडे बूट तसेच पायात होते. स्टेशनवर शवपेटी सामानाच्या डब्यात चढवली. पहिल्या वर्षाचा अख्खा वर्ग फलाटावर उभा होता, दंडाला काळी फीत आणि प्रत्येकाच्या हातात नवी कोरी काठी. एसाने आपली काठी पेटीवर ठेवली आणि तो खांबाला धरून उभा राहिला.

म्हातारा ती काठी घेऊन डब्यातून खाली उतरला. कुणाची, हे त्याला विचारावं लागलं नाही.

“असू द्या काका,” एसा म्हणाला. “त्यानेच राखलीय ती. आणि सोडू नकोस म्हणून मीच ओरडत होतो हो...”

“तो कुठला सोडतोय! एवढासा होता तेव्हापासून वासराच्या दोरीमागे फरफटत जायचा, पण दोरी सोडायचा नाही.” म्हातारा हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. “त्याचं चालणं संपलं, पोरा. तुझं राहिलंय. धर ही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी एसा प्रार्थनामंदिराच्या पायऱ्यांपाशी आला. दुसऱ्या वर्षाची पोरं तिथेच उभी होती. थॅचरने टोपी काढली, मग सगळ्यांनी काढली, आणि मधून वाट झाली. ही दया नव्हती, हे एसाला कळलं. दयाच असती तर किती बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

आत आडनावांच्या क्रमाने बसायचं असे. टारबॉक्स, मग विटकम. एसा आपल्या जागेवर बसला आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर त्याने काठी आडवी ठेवली.