कापडावर टाचलेली रानं

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. माझं अंग मांजरपाटाचं. ठाण्यात नौपाड्यातल्या माधवीबाईंनी मला चाळीस वर्षांपूर्वी घरी बसून शिवलं. त्या शाळेत भूगोल शिकवत आणि रविवारी मुलांना रान दाखवायला नेत. कागदी नकाशे घामाने, पावसाने फाटत, म्हणून त्यांनी सुई हाती घेतली.

काळ्या धावदोऱ्याची रेल्वे आली, हिरव्या दोऱ्याचं येऊर आलं. आटगावला उतरून तानसा, पनवेलहून एसटीने कर्नाळा, अशा वाटा माझ्यावर उमटल्या. दिवेलागणीला घरी परतता येईल, एवढीच रानं बाईंनी टाचली. पुढे ठाण्याच्या खाडीला अभयारण्याचा मान मिळाला, तेव्हा मला गुलाबी दोऱ्याचे रोहित पक्षी मिळाले. किती मिरवलो मी! चकल्यांचे तेलकट डागसुद्धा मिरवले.

एक ठिपका मात्र कुठल्याच अभयारण्यातला नव्हता. कळव्याच्या दगडाबाई दारावर मासळी विकायला येत. खाडीकाठी एका आडबाजूच्या तिवरांत पावसाळ्यात बगळे घरटी करतात, हे त्यांनी सांगितलं. बाईंनी तिथे पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारली आणि कुणाला बोलल्या नाहीत.

मुलं मोठी झाली. सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले आणि मी कपाटात, जुन्या स्वेटरांखाली गेलो.

गेल्या पावसाळ्यात बाईंच्या नातीला, प्राप्तीला, मी सापडलो. "आजी, कसलं भारी आहे हे!" तिने माझा फोटो सगळ्यांना पाठवला. खाली लिहिलं, पांढरी गाठ म्हणजे आजीची गुपित जागा. खरं सांगतो, मलाही आनंदच झाला.

दोन रविवारांनी दगडाबाई आल्या. डोक्यावर टोपली नव्हती.

"गो बाय, तुज्या फडक्यानं माजी पाखरां उठवली!"

माणसं चिखलात उतरली होती, फोटोसाठी फांद्या वाकवल्या होत्या. बगळे उडाले आणि उघड्या अंड्यांवर कावळे तुटून पडले.

"आजी, मी फोटो काढून टाकते," प्राप्ती रडत म्हणाली.

"फोटो काढशील गं. लोकांना कळलेली वाट कशी काढशील?" बाईंनी तिच्या हाती कात्री दिली.

गाठ उसवताना दुखलं नाही, लाज वाटली. वाट दाखवणं हेच माझं काम, आणि त्यानेच कुणाची घरटी मोडली.

मग पाऊस सरेपर्यंत दर रविवारी प्राप्ती त्या वाटेवर मला उघडून उभी राहिली. "काका, इथे नका जाऊ. हे बघा, येऊर आहे, तानसा आहे..." मागून दगडाबाई ओरडत, "आन् चला, पाय उचला!"

यंदा पावसात आम्ही पुन्हा कळव्याला गेलो. बगळे परतले असतील का, या काळजीने प्राप्तीने वाटभर मला घट्ट धरलं होतं. दगडाबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या.

"चार जोड्या आल्यान," त्या म्हणाल्या. "पन आज नको जाव. घरटी बांधतान."

"बरं," प्राप्ती म्हणाली. पायरीवर बसून तिने भाकरी आणि जवळ्याची चटणी खाल्ली. मग माझी घडी घालून ती घरी निघाली.

मित्रांनो, रानं शोधत जरूर फिरा. माझ्यासारखा नकाशा जवळ असू द्या. पण पोचल्यावर तिथल्या माणसांना आधी विचारा, आणि ती नको म्हणाली तर माघारी या. आयुष्यात मी पुष्कळ सहली केल्या. त्या दिवशी काहीच न पाहता परतलो, ती सहल मला सगळ्यांत लाडकी आहे.