खोडलेला नंबर

योगेशचं पहिलंच प्रदर्शन. कोथरूडच्या एका ऑफिसात तो डेटा एंट्री करायचा आणि रविवारी रद्दीतून ‘हरवले आहेत’च्या जाहिराती कापायचा. दीडशे जमवल्या. बोर्डवर चिकटवल्या. मग प्रत्येकीतलं नाव, फोटो, फोन नंबर, सगळं काळ्या मार्करनं खोडून टाकलं. उरलं नुसतं वर्णन. माहिती काढून घेतली की माणसाचं काय उरतं, असं काहीतरी त्याला म्हणायचं होतं.

सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळपासून सात जण येऊन गेले. एका आजोबांनी विचारलं, “चित्रं अजून यायचीत का?”

दुपारी लाइट बघायला आलेला वायरमन पोपट एका बोर्डपुढे थबकला. मोठ्यानं वाचायला लागला, “वय साठ, निळा स्वेटर, उजव्या हाताचा अंगठा नाही, प्रत्येक शब्द दोनदा बोलतात... अहो, हे तर आमच्या स्वारगेटचे काका! दोन वर्षं झाली, डेपोमागं बसतात. चहा, चहा. बस, बस. घर विचारलं की रडतात नुसते. नंबर काय आहे?”

योगेशनं काळ्या पट्टीवर बोट ठेवलं. “खोडलाय.”

“मूळ कागद असेल ना?”

“हाच मूळ आहे. झेरॉक्सनं फील गेला असता.”

“फील,” पोपट म्हणाला. “बरं.”

पेपरचं नाव, तारीख, सगळं कधीच कापून फेकलेलं. शेजारच्या जाहिरातीवर थिनर लावून पाहिलं, तर मार्करबरोबर अक्षरंही गेली. शेवटी योगेशनं ब्लेड घेतलं. काळी शाई हळूहळू खरवडायला लागला. अकोल्याचा कोड दिसला. पुढचे आकडे एकेक करून दिसले. शेवटचे दोन मात्र कागदासकट निघून आले.

म्हणजे शंभर नंबर.

पोपट स्कूटरवरून काकांना घेऊन आला. तोवर योगेश समोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरला होता. शून्य शून्य, शून्य एक, शून्य दोन...

“तुमच्याकडचं कोणी हरवलंय का हो?”

“हरवली न, आमची शेळी हरवली. तिथं हाय काय?”

“तुमच्याकडचं कोणी...”

“काहून बे, काही कामधंदे नाहीत काय?”

साठ झाले. सत्तर झाले. घसा बसला. काका शेजारी स्टुलावर बसले होते. त्यांच्याकडे बघायची योगेशची हिंमत होईना. एका रेघेत आपण या माणसाला दुसऱ्यांदा हरवलं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

ब्याऐंशीवा नंबर एका बाईनं उचलला. प्रश्न ऐकून तिनं फोन आपटला नाही.

“निळा स्वेटर होता, अंगठा...”

“दर महिन्याले कोनी तरी फोन करते,” ती थकून म्हणाली. “सापडले म्हनते, पैसे धाडा म्हनते. आता नका करू. ठेवते मी.”

“थांबा! प्लीज!” योगेशनं रिसीव्हर काकांच्या तोंडाशी धरला, स्वतःचा कानही तिथंच लावला. “बोला काका. काहीही बोला!”

काकांचे ओठ हलले. आवाज फुटेना. मग फुटला.

“राधा, राधा.”

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

“त्यायले,” ती म्हणाली, “त्यायले पुन्हा बोलू द्या.”