नागुबाईची लाल मिरची

व्यंकटरावानं नागुबाईला चोर म्हटलं ते भरल्या पंगतीत, चाळीस पोरं ताटावर बसलेली असताना.

लातूरात तेव्हा क्लासेसचा जोर होता. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला येऊन राहिली होती, अन् आमच्या गल्लीच्या तोंडाशी व्यंकटरावाची मेस होती. नागुबाई तिथं सहा वर्षं भाकरी थापायची, ठेचा वाटायची. भूकंपात तिचा नवरा रामकिशन भिंतीखाली गेला. लेक मनीषा तेवढी हाती लागली. तिला घेऊन ती माझ्या शेजारच्या पत्र्याच्या खोलीत राहायला आली.

त्या दिवशी एका पोराचा बाप मेसला जेवला. ठेचा चाखून खूश झाला. कुणाच्या हातचा म्हणून विचारलं. कुणीतरी नाव सांगितलं, आडनावही सांगितलं. बापाचा घास हातातच राहिला.

"आमच्यात हे चालत न्हाई," एवढं बोलून तो उठला.

व्यंकटराव घाबरला. एक उठला तर दहा उठतील. पण खरं कारण पोरांपुढं बोलायची त्याला लाज वाटली असंल, म्हणून त्यानं दुसरंच काढलं.

"नागुबाई, उद्यापासून येऊ नको. तू मिरच्या चोरून नेतीस."

नागुबाई काठवटीपुढून उठली. "मालक, कवा चोरलं मी?"

"मिरची माझी, पाटा माझा. तुझं काय हाय ह्यात?"

तिनं पदराला हात पुसले अन् निघून आली. पण चोर हा शब्द तिच्या मागं मनीषाच्या शाळेत पोचला. पोरी आपले डबे उचलून लांब बसायला लागल्या. मनीषा घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडली, तेव्हा नागुबाई मला म्हणाली, "पार्वतम्मा, आता माझीच मिरची पिकवते. त्याच्या पंगतीतली पोरं माझ्याम्होरं बसवीन, अन् त्यांच्या देखत त्याला माझ्या हातचं खायला लावीन."

मी म्हटलं, "रागात बोलायलीस."

"हाव, रागातच बोलायले."

तिचा भाऊ संघपाल मुखेडला असतो. त्यानं बाजारातून रोपं आणून दिली. तिनं तेलाचे रिकामे डबे मिळवले, बुडाला भोकं पाडली, काळी माती अन् शेणखत भरलं, वीस रोपं दारात लावली. दिवसभर हॉस्टेलच्या बांधकामावर विटा वाहायची अन् दिवस बुडायच्या आत त्या डब्यांपाशी येऊन बसायची.

श्रावणात फुलं आली. पांढरी, बारीक, खाली माना घातलेली. चार दिवसांत निम्मी गळून मातीवर पडली. नागुबाईनं ती वेचून पदरात घेतली.

माझ्या बापाचं निलंग्याकडं मिरचीचं रान होतं. मी म्हटलं, "पानी लई घालायलीस. बोट खुपसून बघ, कोरडं लागलं तरच घाल."

तिनं पाणी आवरलं. आंबट ताक पाण्यात घालून शिंपडलं. पानांवरच्या माव्याच्या किडीवर चुलीची राख उडवली. तीन झाडांची पानं चुरमडली, ती मुळासकट उपटून जाळली. मग फुलं टिकली. पाकळ्या सुकल्या अन् त्यांच्या आतून टाचणीएवढी हिरवी टोकं बाहेर आली. मनीषा रोज मोजायला लागली. शाळेतही जायला लागली.

इकडं मेसमधल्या नव्या बाईचा ठेचा पोरं ताटात तसाच ठेवायली होती. व्यंकटरावानं बायकोला पाठवलं.

"झालं गेलं सोड, नागुबाई. मागच्या खोलीत बसून वाटत जा. कुनाला दिसनार न्हाई."

नागुबाईनं तिला बसायला पोतं टाकलं. शांतपणे म्हणाली, "मिरची पिकू द्या. येतेच मी."

ती बाई समाधानानं गेली. मला मात्र त्या आवाजाचं भ्या वाटलं.

मिरच्या बोटाएवढ्या झाल्या. गल्लीतल्या बाया हिरव्या मागायच्या. नागुबाई एक तोडू देईना. पुढं त्या काळपट पडल्या, मग एका अंगानं तांबूस, मग ऊन लागंल तशा लालभडक.

दिवाळीनंतर क्लासेस उघडले. तिनं देठासकट टोपलंभर मिरच्या तोडल्या. संघपालनं अन् मी पाटा उचलला, मेसच्या समोरच्या लिंबाखाली मांडला. भर दुपारी, जेवणाच्या वेळेला ती वाटायला बसली. लसूण, मीठ, भाजलेले शेंगदाणे. भाकरी घरून थापून आणल्या होत्या, पाण्याची घागरही. वास रस्ता ओलांडून गेला. पोरं ताटं सोडून दारात आली. ओळखीचा वास होता.

"मावशी, तुम्ही कुठं होता?"

"माझं ऐका आधी," ती म्हणाली. "मी बौद्धाची. सहा वर्षं ह्या मेसची पोरं माझ्याच हातचं खात होती, तुमीबी खाल्लं. ही मिरची माझ्या दारातली हाय. खायचं त्यानं बसावं, न्हाई त्यानं जावं."

पाचसहा पोरं माघारी गेली. बाकीची मातीत मांडी घालून बसली. मीही त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या घरचं खाल्लं, खोटं कशाला बोलू.

व्यंकटराव आला. पडेल आवाजात म्हणाला, "नागुबाई, आत चल. पोरायला ऊन लागायलंय."

"मी काय चोरलं ते सांगा पोरायला."

"न्हाई चोरलं."

"मोठ्यानं."

"हिनं काय चोरलं न्हाई," तो बोलला. पोरांचे हात थांबले होते.

नागुबाईनं भाकरीवर ठेच्याचा गोळा ठेवून त्याच्यापुढं धरला. "मग खावा."

त्यानं पोरांकडं बघितलं. न खाऊन आत जाणं आता जमणार नव्हतं. त्यानं घास घेतला. दुसरा घेतला. कपाळावर घाम फुटला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी ती बघतच होती. भाकर संपली तेव्हा त्यानं हातानं खुणावून पाणी मागितलं.

"घागर तिथं हाय माझी," नागुबाई म्हणाली. "बुडवून घ्या."

त्यानं तांब्या बुडवला अन् उभ्या उभ्या घटाघटा प्याला.

मेस बंद पडली नाही. पण तीस पोरं नागुबाईकडं जेवायला लागली, अन् आईच्या नाव-आडनावासकट दारावरची पाटी मनीषानं स्वतः रंगवली. त्या ठेच्याच्या दिवशीच संध्याकाळी मी विचारलं होतं, "राग गेला का गं?"

नागुबाई उद्याचं पीठ चाळत होती. "न्हाई," ती म्हणाली, "पन आज भूक लागली मला."