शिवाप्पाच्या कादंबरीतला मित्र

अमीन मुल्लाणी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं शिपाई होता. शिवाप्पा त्याच कॉलेजात मराठी शिकवायचा आणि कादंबऱ्या लिहायचा. दोघं निवृत्त झाले, तरी रोज संध्याकाळी अमीन त्याच्या घरी जायचा. अमीन बोलायचा, शिवाप्पा ऐकायचा. चार कादंबऱ्यांत अमीनचं बालपण, त्याची गल्ली, त्याची माणसं आली होती आणि अमीनला त्याचा अभिमान होता. छापायच्या आधी शिवाप्पा त्याला सगळं वाचून दाखवायचा.

पाचवी कादंबरी त्यानं वाचून दाखवली नाही.

प्रकाशनाला अमीन लेकीला घेऊन गेला. सना कबनूरला दिलेली. त्यासाठी ती मुद्दाम एसटीनं आली होती. शिवाप्पाकाकांची पुस्तकं ती शाळेपासून वाचायची. दोघं दुसऱ्या रांगेत बसले.

प्रियदर्शनी नावाच्या प्राध्यापक बाई बोलायला उठल्या. "मसाल्यातलं दगडफूल तुम्हाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "ते एक नाही, दोन जीव आहेत. शेवाळ अन्न तयार करतं, बुरशी त्याला आसरा देते. या कादंबरीतले मित्र तसेच आहेत." मग त्यांनी दोन पानं वाचली. बायको दवाखान्यात शेवटच्या घटका मोजतेय आणि नवरा भीतीपोटी आत न जाता दुपारभर स्टँडवर बसून राहतो. मुलीला मात्र सांगतो, मी उशाशीच होतो, तिनं शेवटी तुझंच नाव घेतलं. खरं काय ते तो फक्त मित्राला सांगतो, आणि मित्र ते मरेपर्यंत कुणाला कळू देत नाही.

टाळ्या पडल्या. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं डोळे पुसले.

सना बापाकडं बघत होती. "अब्बा, तुम्ही अम्मीजवळ व्हतासा न्हवं?"

अमीन हातातल्या पत्रिकेची घडी घालत राहिला.

"चार वर्सं त्येवढ्यावर काढली मी. तिनं माझं नाव घेतलं म्हणून."

"मला धीर झाला न्हाय गं. दारापर्यंत गेलतो..."

"म्हंजे तिनं कुणाला हाक मारली, ह्ये तुम्हाला ठावंच न्हाय."

पिशवी उचलून ती गेली. अमीन जिना उतरून मागं गेला. रिक्षात बसताना तिनं वळून पाहिलं नाही.

हॉल रिकामा झाल्यावर त्यानं शिवाप्पाला गाठलं. "ते तुला एकट्याला सांगितलंतं."

"नाव बदललंय की अमीन! गावाला काय कळतंय? आन् लोकं रडली, बघितलंस न्हवं?"

"सना बसलीती शेजारी."

शिवाप्पाचा चेहरा उतरला. मग तो म्हणाला, "त्याच्याशिवाय कादंबरी उभीच ऱ्हाईना रे."

अमीन चालत घरी आला. बाईंनी अर्धंच सांगितलं, असं त्याच्या मनात येत होतं. प्रयोगशाळेत सर मुलांना पुढचंही सांगायचे. शेवाळ सुटं जगू शकतं. बुरशीला ते जमत नाही. ती शेवाळाला वेढून घेते आणि त्याची साखर खाते. आता आपण सुटं राहायचं, असं त्यानं ठरवलं.

अकरा दिवस तो शिवाप्पाकडं गेला नाही. सनाला रोज फोन लावला. आधी ती उचलत नव्हती, मग नंबरच लागेनासा झाला. कबनूरला गेला तर जावई दारात आला आणि खाली बघत म्हणाला, "ती न्हाय म्हणतीया, मामू." परतीच्या गाडीत शेजारच्या माणसानं "पावणं, कुठलं गाव?" विचारलं, तेव्हा आपला आवाज फुटत नाही हे अमीनच्या लक्षात आलं. तीन दिवसांत तो कुणाशी बोललाच नव्हता, जावयाशीसुद्धा नाही. घरात गेलेल्या बायकोचं, जुलेखाचं कपाट होतं, त्याच्याकडं तोंड करून बसायलाही त्याला भ्या वाटायचं.

बाराव्या दिवशी संध्याकाळी तो शिवाप्पाच्या दारात उभा राहिला. शिवाप्पानं त्याला हाताला धरून आत घेतलं. माफी मागितली नाही. टेबलावरची लिहायची वही जवळ ओढत त्यानं हळूच विचारलं, "सना काय म्हणाली रे?"

का विचारतोय, हे अमीनला कळत होतं. उठून जावं असंही वाटलं. पण जायला दुसरं दार नव्हतं.

"कबनूरला गेलतो," तो म्हणाला, आणि सगळं सांगायला लागला.