तळवे पाहणारा आरसा

मी एक जुना हातआरसा आहे. कडेचा पारा उडालेला, पाठीवरचा पत्रा गंजलेला. वच्छलाच्या लग्नाच्या ट्रंकेत, साड्यांच्या घडीत बसून मी नागपूरहून गडचिरोलीकडच्या या गावी आलो. कॉलेजात शिकलेली ती पोरगी सकाळी उठली की आधी मला हातात घ्यायची. तिचा चेहरा माझा होता, मित्रांनो.

मग भागी झाली. ती पडली, भाजली, तरी रडत नसे. तिचा बाप रामाजी कौतुकानं म्हणायचा, "माह्यावर गेली. मलेबी काटा रुतला तं समजत नाई." त्याच्या पायाची दोन बोटं झडली होती आणि गाव महारोग म्हणून कुजबुजत होतं. चांद्याच्या डॉक्टरांनी दोघांचे पाय सुईनं टोचून पाहिले. म्हणाले, हा महारोग नव्हे. यांच्या नसांना दुखणं कळत नाही, आणि हे घराण्यातून येतं. तळवे रोज पाहा, पोरीलाही पाहायला शिकवा.

तेव्हापासून वच्छला रोज संध्याकाळी मला भागीच्या तळव्यांखाली धरू लागली. स्वतःचं कुंकू मात्र आता न पाहता, अंदाजानंच लावायची. त्या दोन धुळकट पावलांचा मला असा हेवा वाटायचा की काचेला तडा जाईल!

चैत्र आला. मोहाची फुलं दिसावीत म्हणून झाडांखालचा पाला जाळतात. शेजारच्या सुकरीबरोबर भागी फुलं वेचायला गेली. फुलं चिरडली जाऊ नयेत म्हणून तिनं चपला काढून ठेवल्या.

त्याच संध्याकाळी गावात हळदीकुंकू होतं. कितीतरी महिन्यांनी वच्छलानं मला आपल्या चेहऱ्यासमोर धरलं. भागी म्हणाली, "आई, पाय पाहाचे राह्यले."

"आल्यावर पाहू."

बरं झालं, असं मी मनात म्हटलं.

वच्छला परतली तेव्हा भागी झोपली होती. सकाळी अंथरुणावर डाग दिसला. राखेतल्या निखाऱ्यानं तळवा खोल पोळला होता. सुकरी कळवळून म्हणाली, "बाई, थे तं हासून राह्यली होती. मले कसं समजन?"

 वच्छलानं मला कोनाड्यात पालथं ठेवलं.

तिसऱ्या दिवशी भागीनंच मला काढलं, आईसारखं पदरानं नव्हे, फ्रॉकनं पुसलं आणि गुडघ्यांत धरलं. "आई, इथी पाह्य, जखम लाल हाय का?" वच्छला तिच्या खांद्यावरून वाकली. तळव्याशेजारी, माझ्या कोपऱ्यात, तिचा चेहरा उमटला.

मित्रांनो, ज्याला आपलं दुखणं कळत नाही, त्याच्यासाठी कुणालातरी रोज पाहावं लागतं. एक दिवसही चुकवू नका. माझा हेवा अजून गेलेला नाही. पण तो चेहरा हवा असेल, तर आधी तळवा नीट दाखवावा लागतो.