धुराच्या कपाटातलं पाणी

मी धुराचं कपाट बोलतोय. केजच्या वाटेवर साखर कारखान्याच्या सभासदांनी एक कॉलेज काढलं, त्याच्या रसायनशास्त्राच्या इमारतीत मी उभा आहे. अक्षर मला येत नाही. पुढ्यात उभं राहून माणसं बोलतात, तेवढंच माझं शिक्षण.

कारखान्याच्या वर्कशॉपात बिभीषण फिटरनं मला घडवलं. अंगाला सागवान, पुढं वरखाली सरकणारी काच, डोक्यावर पत्र्याचं धुराडं आणि त्यात पंखा. ॲसिड तापवायचं ते माझ्या पोटात. त्याची वाफ मी वर ओढायची, बाहेर टाकायची, खोलीतल्या माणसाच्या छातीत जाऊ द्यायची नाही. एवढंच माझं काम.

मला बसवलं त्या दिवशी बिभीषणनं पंखा लावून तोंडापाशी उदबत्ती धरली. धूर सरळ आत वळला.

"बगा सर, तहानलेल्या म्हशीवानी ओढतोय."

विभागाचे मुख्य त्रिंबक सर हसले. बाटल्या धुणाऱ्या भामाबाईंनी त्याच उदबत्तीनं मला ओवाळलं. "धूर खाणारा देव आमी पयल्यांदाच पाह्यला," म्हणाल्या.

मग पाऊस हटला. पुढच्या सालीही आला नाही. ऊस नाही म्हणून कारखान्याचा भोंगा थांबला. कॉलेजला टँकर यायचा, पण कधी येईल त्याचा नेम नसायचा. आलेलं पाणी ठेवायचं कुठं? व्हरांड्यात माकडं, खोलीत धूळ. काचेचं दार तेवढं मला होतं. सरांनी मला सोड्यानं घासून घेतलं आणि पोटात माठ ठेवले. वरून माती पडू नये म्हणून धुराड्यात पोतं कोंबलं, पंख्याची वायर काढली.

ॲसिड उघड्या टेबलावर तापू लागलं. खिडक्या धुळीपायी बंदच.

"सर, डोळे लई चुरचुरतात," भामाबाई म्हणाल्या.

"मग काय, माठ काढू बाहेर?"

"माठ नका काढू. मी पदर लावते."

पोरं पाणी प्यायची आणि माझ्या फळीवर थाप मारायची. "हे कपाट नसतं तर मेलो असतो बे." पाण्यासाठी रांग लागायची, हवेची आठवण कुणाला नव्हती. समोर धूर तरंगायचा आणि मी कौतुक ऐकत उभा. लई लाज वाटायची. माझी काच पुसताना भामाबाईंचा हात खोकल्यानं मधेच थांबायचा.

एका दुपारी टेबलावर तांब्याच्या चुऱ्यावर नायट्रिक ॲसिड जास्त पडलं. तांबूस धूर उठला. पोरं बाहेर पळाली. भामाबाई खिडकी उघडायला आत आल्या, पण कडी मातीनं गच्च बसलेली. ती निघेना, आणि त्या तिथंच खाली बसल्या.

त्रिंबक सर नाकाला रुमाल लावून धावले. माझी काच वर केली, ग्लास भरला, त्यांच्या ओठाला लावला. भामाबाईंनी तो हातानं सारला. थेंब थेंब जपायच्या दिवसांत पाणी फरशीवर सांडलं.

"पानी नको, सर," त्या म्हणाल्या. "वारं."

ते तर मीच द्यायचं होतं. माझ्या पोटात माठ होते आणि घशात पोतं. सरांनी त्यांना उचलून बाहेर नेलं, जीपमध्ये घालून दवाखान्यात पोचवलं.

भामाबाई वाचल्या. पण दम पहिल्यासारखा राहिला नाही. सरांनी स्वतःच्या हातानं पोतं उपसलं. माठ जाळी बांधून व्हरांड्यात गेले. सरांनी बिभीषणला बोलावून पंखा पुन्हा फिरवला आणि उदबत्ती पेटवली.

"या भामाबाई, तुम्हीच धरा."

"तुमीच धरा. मी हितूनच बगते," त्या उंबरठ्यावरून म्हणाल्या. पदर नाकाला तसाच.

धूर आत वळला.

आता मी रोज चालतो. तुमच्याकडं माझ्यासारखा कुणी उभा असेल, तर त्याच्यात वह्या ठेवू नका, डबे ठेवू नका, पाणी तर नकोच. त्याला रिकामं राहू द्या बाबांनो.

भामाबाई बाटल्या आता बाहेर पायरीवर बसून धुतात. माझं तोंड नेमकं त्या दाराकडं आहे. तिकडं बघायचा धीर मला अजून होत नाही.